इशरतबीच्या हाताचं माप

शिमगा झाला आणि आठ दिवसांत इशरतबीनं फहीमच्या दुकानात भांडण काढलं.

फहीम हिंगोलीचा बांगड्यांचा ठोक दुकानदार. त्याचा बाप गल्ल्यावर बसायचा तेव्हापासून इशरतबी तिथूनच माल उचलत होती. कळमनुरीहून सकाळच्या एसटीनं यायचं, दोऱ्यात ओवलेल्या लडी एकेक करून पारखायच्या, टोपलीत भरायच्या आणि दुपारच्या गाडीनं माघारी. चौतीस वर्षांत तिचा आवाज त्या दुकानात कधी चढला नव्हता. त्या दिवशी तिनं हिरव्या बांगड्यांची अख्खी लड काउंटरवर ठेवली आणि म्हणाली,

"फहीम, हे दोन-सहा न्हाई. तू मला दोन-आठचा माल दोन-सहा म्हणून देऊन राहिलास."

"खाला, डब्यावर लिहिलंय की."

"डब्यावर काय बी लिहितेत. माझा हात खोटं बोलतो काय?"

तिनं लडीतून एक बांगडी सोडवली आणि डाव्या हातात सारली. नवरा कय्युम जाऊन सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिनं अंगावर काच ठेवली नव्हती. पण मापापुरती बांगडी घालायची नि काढायची, याला कुणाची हरकत नव्हती. तिचा हात दोन-सहाचा. दोन-सहाची बांगडी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी जराशी अडायची, मग दाब दिला की पोटरीवरून पाणी उतरावं तशी मनगटावर यायची. त्या अडण्यावर तिचा सगळा धंदा उभा होता. बाईचा हात हातात घेतला की तिला कळायचं, हा आपल्याहून मांसाळ, ह्याला दोन-आठ; हा हाडकुळा, ह्याला दोन-चार. पट्टी नाही, दांडी नाही. आता बांगडी कुठंच अडली नाही. आली ती थेट मनगटावर येऊन खुळखुळली.

"बघ," ती म्हणाली.

फहीमनं काउंटरखालून मापाची लाकडी दांडी काढली. वर निमुळती, खाली जाड, अंगावर आकडे कोरलेले. बांगडी तिच्यावर सोडली. ती बरोबर दोन-सहाच्या खुणेवर थांबली.

"दांडी झिजली तुझी," इशरतबी म्हणाली. "काच घासून घासून."

"झिजली असती तर बांगडी आणखी खाली गेली असती ना, खाला." फहीम हसला. "जेवण कमी करून राहिल्या काय? पोरी पैसे देऊन वाळतेत, तुमी फुकटात वाळल्या."

दुकानातलं पोरगं हसलं. इशरतबी हसली नाही. तिनं दोन-सहाची लड बाजूला सारली आणि दोन-चारच्या जास्तीच्या घेतल्या. आता ह्यांचं दोन-चार म्हणजेच आपलं दोन-सहा, असा हिशोब तिनं मनाशी बांधला. हिशोब सरळ होता. त्यात खोट कुठं असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

आधी ती डोक्यावर टोपली आणि दोन हातांत दोन पिशव्या घेऊन चालायची. दिवाळीपासून पिशव्यांचे बंद बोटांतून निसटायला लागले होते. एकदा बस थांब्यावर उजव्या हातातली पिशवी पडली आणि चार डझन काच गेली. तेव्हापासून तिनं पिशव्या बंद केल्या आणि सगळा माल टोपलीतच रचला. फहीमनं दोन्ही हातांनी टोपली उचलून तिच्या चुंबळीवर ठेवली. ठेवताना त्याच्या तोंडून हुंकार निघाला.

"खाला, हे लई होऊन राहिलं."

"हात थकतेत रे. डोकं न्हाई थकत," ती म्हणाली.

*

तिच्या फेरीतल्या गोटेवाडीला एसटी जात नव्हती. फाट्यावर उतरायचं आणि पाऊण तास चालायचं. हळदीचे दिवस होते. वाटेच्या दोन्ही अंगांना काढलेली रानं उघडी पडली होती, आणि किशनरावाच्या मळ्यात कुकर लागला होता. शिजल्या हळदीचा ओला, मातकट वास वाऱ्यावर लांबूनच यायचा. उन्हात हळकुंडं पसरणाऱ्या बाया दुरून पिवळ्या दिसत होत्या; हात तर कोपरापर्यंत पिवळे.

"मावशी! ओ मावशी! चप्पल!"

किशनरावाची नातसून शितल बांधावरून ओरडत होती. इशरतबीनं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल वीस-बावीस पावलं मागं वाटेत पडली होती. पायाला कळलंच नव्हतं.

"पट्टा ढिल्ला झाला गं," ती म्हणाली आणि मागं गेली. टोपली डोक्यावर ठेवून वाकता येईना, म्हणून शितलनंच चप्पल तिच्या पायात सरकवली.

"मावशी, आता मोटारसायकल घ्या," एक म्हातारी खोपीतून म्हणाली. "मागं टोपली बांधायची."

"आन चालवील कोण? तुझा नवरा?"

"न्या की. लई दिस झाले, इथं पडूनच राहिला त्यो."

बाया हसल्या. इशरतबीनं खोपीच्या सावलीत टोपली उतरवून घेतली आणि मांडी घातली. हाच तिचा दिवसातला खरा वेळ. घरी एक खोली, एक चूल, भिंतीवर कय्युमचा फोटो. इथं मात्र एकामागून एक हात तिच्या मांडीवर यायचे. कुणाचा तापलेला, कुणाचा ओला, कुणाचा भेगाळलेला. हात हातात घेतल्यावर बाई बोलायला लागते, हे तिला माहीत होतं. सासूचं, सवतीचं, पाळी चुकल्याचं. चारी बोटं आणि अंगठा एकत्र जुळवायचा, सांधे दाबून बारीक करायचे, आणि बाईला बोलतं ठेवून बांगडी आत सारायची. तिच्या बांगड्या भरताना बायकांना दुखलेलं कळायचं नाही, अशी तिची ख्याती.

शितल समोर बसली. इशरतबीनं दोन-चारच्या सहा बांगड्या काढल्या.

"मावशी, मला दोन-सहा लागते की."

"माल बदललाय. हे दोन-सहाच समज."

पहिली बांगडी सांध्यापाशी थांबली. इशरतबीनं दाबलं. अंगठा आत जाईना. आणखी दाबलं आणि काच कडकन तुटली. दुसरी अर्ध्यावर तुटली आणि शितलच्या अंगठ्यामागं रक्ताची बारीक रेघ उमटली.

"अगं बाई गं."

"वाढली, वाढली," इशरतबी घाईनं म्हणाली. बांगडीला फुटली म्हणायचं नसतं. तुकडे तिनं ओढणीच्या पदरात गोळा केले. भरताना वाढलेली बांगडी मनियारणीच्या पदरी, ही रीत.

तिसरी गेली, चौथी वाढली. त्या दुपारी खोपीत तिच्या पदरात एकवीस बांगड्यांचे तुकडे जमले. शेवटी शेवटी बाया आपसात बघायला लागल्या. मघाची म्हातारी पुढं सरकलीच नाही. "मला घाई न्हाई," म्हणाली, "माझे आहेत ते बरे आहेत."

निघताना शितल म्हणाली, "मावशी, आजीनं सांगितलंय. येत्या गुरुवारी पुजाचा चुडा. तुमच्याच हातानं भरायचा म्हनते."

इशरतबीनं मान हलवली. किशनरावाच्या बायकोला, अनुसयाबाईला, तिनं चौतीस वर्षं बांगड्या भरल्या होत्या. सुनेचा चुडा तिनं भरला, शितलचा भरला. आता नात पुजा. त्या घरचा चुडा म्हणजे गोटेवाडीचा चुडा. तो नीट गेला की अख्खा गाव वर्षभर आपला हात पुढं करतो. बिघडला, तर गावानं हात मागं घ्यायला वेळ लागत नाही.

*

गुरुवारला पाच दिवस होते. ते पाच दिवस इशरतबीनं स्वतःच्या हातावर काढले.

सकाळी तिळाचं तेल कोमट करून उजवा हात चोळायचा, मग डावा. चोळायला दुसरा हात धड नव्हता, म्हणून ती मनगटानं मनगट घासायची. शेजारच्या सिमरननं सांगितलं की हातात नस चढली असंल. कुणी बकऱ्याच्या पायाचा रस्सा प्यायला सांगितला. तो तिनं तीन दिवस प्यायला. हात कामानं वाढतो आणि बसून वाळतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. म्हणून दुपारी ती टोपली डोक्यावर घेऊन उगाच कळमनुरीच्या दोन गल्ल्या फिरून यायची. परत आल्यावर मानेतून वीज निघून हातात उतरल्यासारखं व्हायचं. रग लागली, म्हणजे हात जागा होऊन राहिला, असं ती समजायची.

भात ती आता चमच्यानं खाऊ लागली होती, कारण बोटांत घास जुळेना. कुर्त्याची वरची दोन बटनं तिनं तोडून तिथं नाडी शिवून घेतली होती. तीही शिवली सिमरननं. घरात बघायला कुणी नव्हतं, म्हणून लपवायलाही काही नव्हतं.

दर रविवारी परभणीहून आफिफाचा फोन यायचा. आफिफा तिची एकुलती लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. इशरतबी फोन उशाशी ठेवून स्पीकर लावायची, कारण कानाशी धरला की निसटायचा.

"अम्मी, तबियत?"

"बराबर."

"आवाज दुरून का येऊन राहिला?"

"चुलीपाशी आहे ना."

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

यापुढं दोघींना काही सुचायचं नाही. आफिफाला घरातलं नेहमीच काही ना काही काम असायचं. ती म्हणायची, ठेवते मग, आणि ठेवायची. फोन बंद झाला की खोली पहिल्यासारखी व्हायची.

*

गुरुवारी किशनरावाच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. पुजा मधोमध, पाटावर. भोवती गावातल्या वीसेक बाया, बाहेर किशनराव आणि दोन माणसं खुर्च्यांवर. ताटात हळदकुंकू, खोबरं, तांदूळ. अनुसयाबाई खांबाला टेकून बसली होती, सत्तरीची, ठसठशीत, दोन्ही हात कोपराच्या खालपर्यंत काचेनं भरलेले.

"इशरतबी, माझ्या लेकराचा हात लई नाजूक हाय बरं," ती म्हणाली. "हळू."

"तुमचा हात तरी कुठं दगडाचा होता, बाई? लग्नात रडल्या होत्या का न्हाई?"

"तवा तू न्हवतीस. तुझी सासू होती. तिनं रडवलं."

बाया हसल्या. इशरतबीला बरं वाटलं. तिनं पुजाचा हात मांडीवर घेतला. बाईचा हात तिनं पन्नास हजार वेळा तरी असा घेतला असेल. हा हात तिला मोठा वाटला. तिच्या हातापेक्षा खूपच मांसाळ. पण त्या दिवशी खोपीत झालेलं आठवून तिनं या वेळी दोन-सहाच काढल्या. दोन-सहाच बरोबर होत्या. आता माप चुकलं नव्हतं.

पहिली बांगडी सांध्यावर आली. इशरतबीनं दाबलं. म्हणजे दाबायचं मनात आणलं. अंगठा आणि बोटं पुजाच्या हातावर होती, पण हात गोळा होईना. कुणीतरी दुसऱ्याचीच बोटं तिथं ठेवल्यासारखी ती नुसती ठेवलेली होती. तिनं खांद्यातून जोर लावला. बांगडी तिरकी झाली आणि वाढली.

बायांनी माना पुढं काढल्या.

"एखादी वाढतीच," कुणीतरी म्हणालं.

दुसरीही वाढली. तिसरी आत जाता जाता तुटली आणि पुजाच्या हाताच्या पाठीवर रक्त आलं. नवरीच्या हातावर, चुड्याच्या वेळी. पुजाची आई उठून उभी राहिली. बाहेर किशनरावानं खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला.

"मावशी, बस झालं," शितल म्हणाली. आवाज वाईट नव्हता, घाईचा होता. ती आत गेली आणि दुधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी धुऊन, कापून घेऊन आली. ती पुजाच्या हातावर चढवली आणि त्यावरून इशरतबीच्याच लडीतल्या बांगड्या एकामागून एक सरकवल्या. सर, सर, सर. एकही वाढली नाही. पिशवी खालून ओढून काढली. पाच मिनिटांत दोन्ही हात भरले.

"मोबाइलवर दाखवतेत," ती कुणाला तरी म्हणाली.

इशरतबी मांडीवर हात ठेवून बसून होती. उठायचं तर टोपली कुणीतरी डोक्यावर चढवावी लागणार होती, आणि कुणाला हाक मारावी ते तिला कळेना. बाया ओट्या भरायला उठल्या. तेव्हा अनुसयाबाई सरकत सरकत तिच्यापाशी आली.

"दाव," ती म्हणाली.

"काय?"

"हात दाव तुझा."

तिनं इशरतबीचा उजवा हात ओढून घेतला आणि उजेडाकडं केला. अंगठ्याच्या मुळाशी जिथं गादी असते तिथं खळगा पडला होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस आत गेलं होतं; तिथं कातडी दोन हाडांवर ताणल्यासारखी होती. हाताच्या पाठीवर, हाडांच्या मधे मधे, लाकडी फणीसारख्या खाचा. अनुसयाबाईनं त्या खाचांवरून बोट फिरवलं.

"ह्यातलं मांस कुठं गेलं, इशरतबी?"

इशरतबीनं आपला हात पाहिला. रोज पाहतच होती. पण मापाचा हात म्हणून पाहत होती. बांगडी अडते की नाही, एवढंच. चौतीस वर्षं तिनं सगळ्यांचे हात धरले. तिचा हात असा कुणी उलटासुलटा करून पाहिल्याचं तिला आठवेना.

फहीमची दांडी बरोबर होती, हे तिला तिथं, त्या ओसरीवर कळलं.

"कधीपासून?" अनुसयाबाईनं विचारलं.

"मला वाटलं, माल मोठा येऊन राहिला," इशरतबी म्हणाली.

*

फोन अनुसयाबाईनं शितलला लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आफिफा आली. दारात उभी राहून तिनं आधी चमचा पाहिला, मग कुर्त्याची नाडी.

"कब से, अम्मी?"

"क्या कब से?"

 आफिफा खाली बसली आणि उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडं बराच वेळ बघत राहिली. मग उठून आईची पिशवी भरली.

नांदेडचा डॉक्टर तरुण होता. त्यानं हाताला लगेच हात लावला नाही. आधी चालायला लावलं, एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवून. इशरतबी तिसऱ्या पावलाला भिंतीला टेकली. मग दोन बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला, कागद निसटला. मूठ उघडझाप करायला सांगितली, भराभर. तिची मूठ गोगलगाईसारखी उघडत होती. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तेव्हा पाय असा उडाला की आफिफा दचकली.

"मावशी, काम काय करता?"

"बांगड्या भरते."

"बसून?"

"फिरून. डोक्यावर टोपली असते."

"किती वजन?"

"आधी वीस किलो असंल. आता तीस."

"आता जास्त का?"

"हातात धरवत न्हाई, म्हणून सगळं डोक्यावर घेते."

डॉक्टर काही वेळ लिहीत राहिला. मोठ्या यंत्रात मानेचा फोटो काढून झाल्यावर त्यानं तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं.

"दोष हातात नाही. हा मणका, हा मणका. मधली गादी झिजून मागं आलीय, हाड वाढलंय. ही जी दोरी दिसते ना, ही दाबली गेलीय इथं. हाताच्या नसा इथूनच निघतात. हाताचं मांस त्या नसांवर जगतं. नस दाबली की मांस वाळतं. तुम्ही कितीही चोळा, किती खा. मूळ मानेत आहे."

"दुखलं न्हाई कधी," इशरतबी म्हणाली.

"कधीकधी नाहीच दुखत. म्हणून तर उशीर होतो. पाय पण लटपटतो ना? चप्पल निसटते?"

तिनं आफिफाकडं पाहिलं नाही.

"ऑपरेशन करावं लागेल. नाही केलं तर पाय जातील. मग लघवीवरचा ताबा. केलं तर पुढचं थांबेल, बहुतेक थांबेल."

"आन हे मांस?"

"गेलेलं?" डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "थोडंफार बळ येईल कदाचित. मांस येईल असं मी सांगणार नाही. आणि डोक्यावर ओझं आता कायमचं बंद."

"बांगडी भरता येईल का?"

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. त्यानं आफिफाकडं पाहिलं. आफिफानं मान खाली घातली.

"म्हंजे," इशरतबीनं आफिफाचा हात ओढून मांडीवर घेतला, बोटं जुळवली, "असं धरून, असं दाबून."

आफिफाच्या हाताला तिची बोटं टेकली होती. त्यात काही नव्हतं. आफिफाला ते जाणवलं तेव्हा तिनं हात तसाच राहू दिला.

"नाही येणार, मावशी," डॉक्टर म्हणाला.

तिनं आफिफाचा हात सोडला. मग इशरतबीनं विचारलं, "पाय मात्र राहतील?"

"त्यासाठीच करायचं."

"बराबर हाय," ती म्हणाली. "पाय राहू द्या. लोकाकडं जायला लागते."

सहीचा कागद आला. इशरतबी सही करायला शिकली होती ती चाळिसाव्या वर्षी, आफिफाच्या पाटीवर. तिनं पेन धरला. पेन कागदावर आडवा झाला. दुसऱ्यांदा धरला, दुसऱ्यांदा झाला. नर्स शाईचा डबा घेऊन आली आणि तिनं इशरतबीचा अंगठा स्वतःच्या बोटांत धरून कागदावर दाबला.

*

ऑपरेशन वैशाखात झालं. गळ्याला पुढून चीर पडली, मणक्यात लोखंडाची पट्टी बसली, बाहेरून ताठ पट्टा आला. आफिफा महिनाभर राहिली. शाळा सुरू झाली तेव्हा तिनं आईला परभणीला चल म्हटलं. इशरतबी आठ दिवस जाऊन आली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर कुणी नसायचं आणि खाली उतरलं तर कुणी ओळखायचं नाही. ती परत आली. आफिफानं तिला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि बस हलली तरी बाजूनं चालत राहिली.

पाय सुधारला. चप्पल निसटेना. हात होता तसाच राहिला.

कळमनुरीत तिच्याकडं कुणी आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. मनियारीण लोकांच्या दारात जाते; लोक मनियारणीच्या दारात येत नाहीत. फहीमनं उरलेला माल परत घेतला. दांडीचं काही बोलला नाही. टोपली सिमरननं वाळवणाला मागून नेली. सकाळी उठायचं, चमच्यानं खायचं, दारात बसायचं. रस्त्यानं जाणाऱ्या बायांच्या हातांकडं तिची नजर जायची आणि ओठ आपोआप आकडा म्हणायचे. दोन-सहा. दोन-आठ. ही दोन-चार, पण भरलीय दोन-सहा, पडेल.

भादव्यात सिमरननं सांगितलं की गोटेवाडीचे किशनराव गेले. छातीत कळ आली, हिंगोलीला नेईपर्यंत संपलं. पंधरा दिवस होऊन गेले होते.

इशरतबीनं दुसऱ्या दिवशी एसटी धरली. फाट्यावर उतरून चालताना डोकं इतकं हलकं वाटत होतं की तिला तोल सांभाळावा लागला. हळद कमरेइतकी उभी होती, रुंद पानं, पावसानं निथळलेली. वाटेत दोन बाया भेटल्या. "मावशी, लई दिसांनी," म्हणाल्या, मानेच्या पट्ट्याकडं बघितलं आणि पुढं गेल्या. दोघींच्याही हातात प्लास्टिकच्या बांगड्या होत्या.

शितलनं पाणी दिलं, चहा दिला. इशरतबीनं पेला दोन तळव्यांच्या मधे धरून चहा प्यायला. शितलनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि माजघराकडं बोट दाखवलं.

"आजी आत हाय. बोलत न्हाई कुणाशी."

आत अंधार होता. अनुसयाबाई कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. कपाळ मोकळं. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडे, आणि जिथं चौतीस वर्षांहून जास्त काच होती तिथली कातडी पांढुरकी, न पिकलेल्या कणसासारखी. डाव्या मनगटावर दोन वाळलेल्या खपल्या. काच काढताना घाई केली असणार.

इशरतबी भिंतीला पाठ लावून तिच्या शेजारी बसली. मान वळवता येत नव्हती, म्हणून सगळं अंगच वळवून बसली.

"टोपली कुठंय?" अनुसयाबाई म्हणाली.

"सुटली."

"आन ह्यो पट्टा?"

"मानेतच होतं सगळं, बाई. हातात काहीच न्हवतं."

अनुसयाबाईनं मान हलवली. बाहेर कुणीतरी म्हशीला पाणी दाखवत होतं.

"येतेत," ती म्हणाली. "लांब बसतेत. रडतेत आन जातेत. शितल ताट सरकवून जाती. सतरा दिस झाले, कुणी हात लावला न्हाई मला."

 अनुसयाबाईनं आपला उजवा हात उचलला आणि इशरतबीच्या मांडीवर ठेवला. जुन्या सवयीनं, बोटं पुढं, तळवा खाली.

इशरतबीनं तो दोन्ही हातांत घेतला. बोटं जुळवली. अंगठा आत वळवला. सांधे चाचपले. एकेक सांधा तिला ओळखीचा होता. करंगळीचा मागं कधीतरी खुरप्यानं वाकडा झालेला, तोही. घालायला काही नव्हतं आणि भरायचं ते मनगट आता भरायचं नव्हतं. तरी ती हात गोळा करत राहिली, खांद्यातून, पाठीतून, जिथून मिळेल तिथून जोर आणून.

"दाब की जरा," अनुसयाबाई म्हणाली.

"दाबूनच राहिले, बाई."

अनुसयाबाईनं तिच्याकडं पाहिलं. हात काढून घेतला नाही.